इकमिक कुकर: कोळशाच्या धगीवरची उतरंड

स्वयंपाकघरातल्या जुन्या भांड्यांचा मागोवा घेताना मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिकांविषयी. 1869 साली जन्मलेला हा माणूस तत्त्वज्ञान, पदार्थविज्ञान, कायदा आणि वैद्यक एवढं सगळं शिकला, आणि 1910 च्या सुमारास त्याने इकमिक कुकर घडवला. पुरीच्या जगन्नाथ मंदिरात मातीची मडकी एकावर एक रचून महाप्रसाद शिजवतात. ती उतरंड पाहून मल्लिकांना ही कल्पना सुचली, असं सांगतात.

रचना साधी होती. धातूचं उभं नळकांडं, त्याच्या तळाशी कोळशाची छोटी शेगडी, थोडं पाणी आणि आत एकावर एक बसणारे डबे. एकात तांदूळ, दुसऱ्यात डाळ, तिसऱ्यात भाजी किंवा मटण. झाकण लावून निघून जायचं. मंद वाफेवर काही तासांत सगळं जेवण एकदमच तयार. ढवळणं नाही, करपणं नाही. मेसमध्ये एकटे राहणारे आणि प्रवासी यांना त्याचा मोठा आधार होता.

1959 पासून भारतात प्रेशर कुकर बनू लागले. कोंडलेल्या वाफेचं तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, म्हणून तासांचं काम मिनिटांवर आलं आणि इकमिक मागे पडला. तरी वरण, भात, बटाटे एकाच वाफेवर शिजवण्याची सोय मल्लिकांनी अर्धशतक आधीच करून दिली होती. चुलीपाशी बसायला ज्यांना कोणी नव्हतं, त्यांनाही ताजं, स्वच्छ अन्न मिळालं. डॉक्टराच्या हातून घडलेलं हे मोठंच लोकोपयोगी काम आहे.