रुळांवरची मोटरगाडी : कष्टाकडून छंदाकडे



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. आमचे शिक्षण शाळेत सातवीपर्यंत झाले, पुढचे युनियनच्या कचेरीतील पुस्तकांच्या कपाटापुढे. तेव्हा हे व्याख्यान नसून एका कामगाराने सांगितलेली हकीकत आहे, असे समजावे.

अमेरिकेत एक गमतीचा छंद आहे. सुटीच्या दिवशी लहान लहान मोटरगाड्यांची रांग रुळांवरून फटफट करीत निघते. एकेकीत दोघे-चौघे बसतील एवढीच जागा. डोंगर, नद्या, रानेवने पाहत मंडळी दिवस आनंदात घालवतात. पाहणाऱ्याला वाटेल, ही श्रीमंतांची खेळणी. पण त्यांचा इतिहास श्रीमंतांचा नाही.

मिशिगन राज्यात थ्री रिव्हर्स गावाच्या बाजूला जॉर्ज शेफील्ड नावाचा गृहस्थ राहत असे. १८७७ साली कामावरून घरी येण्याजाण्यासाठी त्याने तीन चाकांची, हातापायांच्या जोरावर चालणारी हलकी गाडी बनविली व रेल्वेच्या परवानगीवाचून ती रात्री रुळांवर चालवू लागला. एका रात्री त्याला रूळ तुटलेला दिसला. त्याने येणारी आगगाडी थांबविली. अपघात टळला, पण गुपित फुटले. कंपनीने शिक्षा करण्याऐवजी तसल्याच गाडीची मागणी केली, अशी हकीकत सांगतात. १८७९ साली त्याला पेटंट मिळाले. म्हणजे या गाडीचा जन्म एका दमलेल्या माणसाच्या घरच्या वाटेवर झाला.

रूळ राखणाऱ्या टोळ्या त्या काळी दांडा वरखाली करून चालणाऱ्या हातगाडीवरून कामावर जात. दिवसभर पहार व घण चालवायचा, आणि जातायेता पुन्हा हा दांडा. विसाव्या शतकाच्या आरंभी अशा गाड्यांना पेट्रोलचे इंजिन बसले. मिनेसोटातील फेअरमाँट गावच्या कारखान्याचे नाव त्यात फार गाजले. गाडी ढकलून इंजिन सुरू करायचे आणि उडी मारून बसायचे, असा कित्येक गाड्यांचा खाक्या होता.

दंडाचे कष्ट वाचले, हे नाकारता येणार नाही. पण टोळीला लांबचा पल्ला सोपा होताच कंपन्यांनी तिची हद्द वाढविली व माणसे कमी केली. यंत्राने वाचविलेला घाम कोणाच्या खात्यावर जमा व्हावा, हा प्रश्न जगभरच्या कामगारांपुढे येतो, तसा तिथेही आला. रूळकामगारांची संघटना १८८७ सालीच अलाबामात जॉन विल्सन या मुकादमाने उभी केली होती, ती उगीच नव्हे.

धोकाही मोठा होता. सिग्नलच्या विजेच्या मंडलात गडबड होऊ नये म्हणून या गाड्यांच्या चाकांत विद्युत्‌रोधक घालीत, त्यामुळे ही गाडी सिग्नलला दिसतच नसे. मुकादमाच्या हाती येणाऱ्या आगगाड्यांची यादी असे. यादीबाहेरची गाडी आली की वळणावर गाठ. मग सर्वांनी मिळून मोटरगाडी उचलायची आणि रुळांबाहेर काढायची.

ही उचलाउचल आम्ही पुस्तकात वाचण्याआधी अंगाने शिकलो. १९९० च्या पावसाळ्यात आम्ही बदली ट्रॉलीमन होतो. आपल्याकडची ट्रॉली ढकलायची असते. साहेब बाकावर छत्रीखाली, आणि ढकलणारे रुळाच्या माथ्यावरून अनवाणी पळणारे. वेग आला की मागे चढून बसायचे. घाटाखालच्या एका वळणावर धुक्यातून मालगाडी आली. ट्रॉली उचलताना आमच्यातील वडीलधारे, ज्यांना सारे दादा म्हणत, त्यांचा पाय ओल्या खडीवर घसरला आणि चाक पायावर पडले. दोन बोटे गेली. अहवालात लिहिले गेले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. ट्रॉलीवर चौघे हवे होते आणि त्या दिवशी आम्ही तिघेच होतो, हे अहवालात नव्हते. दादा एवढेच म्हणाले, “पोरा, चौथा गडी असता तर झेंडी घेऊन पुढं गेला असता.” आमच्या युनियनच्या कामाची सुरुवात त्या वाक्यापासून झाली.

असो. पुढे अमेरिकेत रस्त्यावरही व रुळावरही चालणारे ट्रक आले आणि मोटरगाड्या मोडीत निघाल्या. हौशी लोकांनी त्या विकत घेतल्या, दुरुस्त केल्या, जुन्या कंपन्यांच्या रंगांत रंगविल्या. त्यांत निवृत्त रेल्वे कामगारही आहेत. १९८० च्या सुमारास या छंदिष्टांची संघटना झाली. रुळांच्या मालकाची परवानगी, विमा आणि नियमांची परीक्षा यांवाचून तिच्या सहलीत कोणाला गाडी चालविता येत नाही. रस्ता ओलांडण्यापूर्वी गाडी थांबते आणि झेंडीवाला खाली उतरतो. हे वाचताना आम्हांला दादांचा चौथा गडी आठवला. ज्या खबरदारीसाठी आम्ही वर्षानुवर्षे अर्ज केले, ती तिथे सहलीलाही सुटत नाही!

छंदाला आमचा विरोध नाही. त्यामुळे एक यंत्र वाचले. पण दांड्यावरचे हातही आठवणीत राहिले पाहिजेत. आपल्या आळीत एखादा निवृत्त गँगमन किंवा ट्रॉलीमन असेल, तर त्याच्याकडे जाऊन बसा, तो सांगेल ते त्याच्या नावानिशी लिहून ठेवा. अहवालात जे आले नाही, ते निदान इतिहासात यावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.