अनुदान कुणाच्या बापाचं?



२००८ साली मी तिसरीत होतो. कल्याणातली पालिकेची शाळा. एक दिवस बाई वर्गात तराजू घेऊन आल्या. खेळण्यातला नाही, वाण्याकडं असतो तसला. सोबत वजनं, शंभर मण्यांच्या माळा, रंगीत कार्डशीट. आम्ही दगड जोखले, माती जोखली, एकमेकांच्या चपला जोखल्या. दुसऱ्या दिवशी मी आईनं आणलेली पाव किलो डाळ दप्तरातून नेली. भरली दोनशे ग्रॅम. गणित म्हंजे काय ते मला तिथं कळलं.

बाईंना विचारलं, हे कुठनं आणलं? म्हणाल्या, सरकारनं पाचशे रुपये दिलेत. सर्व शिक्षा अभियानात शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळत. महिन्याला बेचाळीस धरा. पण साठ पोरांच्या हातात त्यानं तराजू आला.

आज मी डोंबिवलीला कापडाच्या मिलमध्ये पाळी करतो. वाचतो ते पाळी सुटल्यावर. वाचताना एक शब्द टोचतो. अनुदान. त्यात 'दान' दडलंय. ऐकणाऱ्याला वाटतं कुणी भीक घालतंय. म्हणून हा जुना हिशोब काढतोय.

१८५६ साली मुंबई इलाख्यात, धारवाडला, एका महार पोरानं सरकारी शाळेत प्रवेश मागितला. न्याय पोराच्या बाजूचा आहे हे सरकारनं कबूल केलं आणि तरी दार लावलं. का, तर बाकीचे बिथरतील. १८५८ साली त्याच सरकारला जाहीर करावं लागलं की, निव्वळ सरकारी खर्चानं चालणाऱ्या शाळा सगळ्यांना खुल्या. ज्या शाळा थोडी मदत घेतात आणि जातीवरून पोर बाहेर ठेवतात, त्यांची मदत बंद करायचा हक्कही सरकारनं राखून ठेवला. म्हंजे अनुदान ही दाराची किल्ली होती. किल्ली फिरवली किती वेळा, ते विचारू नका. सत्तर वर्षांनी, १९२८ साली, बाबासाहेबांना सायमन कमिशनपुढं हीच कहाणी मांडावी लागली.

त्याआधी जोतीराव. १८८२ साली हंटर कमिशनपुढं त्यांनी सांगितलं की, सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशावर शिकतात वरचे. पुढं नुसतं रडगाणं नाही, मागण्या. गावच्या मास्तरला बारा रुपयांखाली पगार नको. जो जास्त पोरं पास करील त्याला पगारावर वेगळा भत्ता द्या. खालच्या जातींच्या पोरांना शिष्यवृत्त्या द्या, बक्षिसं द्या. मास्तरच्या हातात थोडा पैसा आणि पोराच्या हातात थोडा, एवढ्यानं शाळा उभी राहते, हे त्यांनी स्वतः शाळा चालवून शिकलेलं होतं.

१२ मार्च १९२७. महाडचा सत्याग्रह आठवड्यावर आलेला. मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेब शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले. सरकार माणशी शिक्षणावर खर्च करतं चौदा आणे. आणि दारूच्या अबकारी करातून माणशी उकळतं दोन रुपयांच्या वर. त्यांची मागणी सरळ होती. दारूवर जेवढं घेता तेवढं तरी शिक्षणावर घाला. शाळेत शिरलेल्या शंभर पोरांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात, हेही त्यांनी तिथंच सांगितलं. बाकीची ब्याऐंशी परत अडाणी.

पुढच्या वर्षी, १९२८ साली, त्यांनी दलित वर्ग शिक्षण संस्था काढली. संस्थेच्या वसतिगृहांत एक आपल्या ठाण्याचं होतं. सरकारी अनुदान यायचं, पण पुरायचं नाही. तेव्हा बाबासाहेबांनी समाजापुढं झोळी धरली. सरकारकडून हक्काचं घ्यायचं आणि कमी पडेल ते आपण उभं करायचं, हा धडा त्यातला.

आता आपला काळ. १९९२ पासून मागास घरातल्या पहिली ते चौथीच्या पोरींना हजेरीचा रोज एक रुपया ठरला. माझी बहीण त्या रुपयावर हसायची. तूरडाळ कुठल्या कुठं गेली, रुपया वर्षानुवर्षं तिथंच. २०१८ साली सर्व शिक्षा अभियान समग्र शिक्षा योजनेत गेलं. शाळेला पटावर एकत्रित अनुदान आलं. कागदावर ठीक. पण पैसा कैकदा वर्ष सरता सरता हातात पडतो. मग मास्तर पोरांना काय पाहिजे ते बघणार, का बिलं जुळवणार?

म्हणून कार्यकर्त्यांनो, जयंतीच्या मिरवणुकीइतकंच एक काम करा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती दिलीय. तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात, निम्म्या बाया असतात. अनुदान कुठं गेलं ते बघणं हे कायद्यानंच तिचं काम आहे. आपल्या वस्तीतल्या आयाबहिणींना त्या समितीत बसवा. किती आलं, कधी आलं, कशावर गेलं, विचारा. पण मास्तर चोर आहे असं धरून जाऊ नका. पैसा उशिरा आला तर त्याच्या बाजूनं पालिकेच्या पायऱ्या चढा. माझ्या बाई त्या पायऱ्या एकट्याच चढत होत्या.

अनुदान कुणाच्या बापाचं? माझ्या बापाचं. त्यानं विकत घेतलेल्या काड्यापेटीवरही कर भरलाय. हे दान नाही, आपलीच डाळ आहे. जोखून घ्या.

जय भीम.