थिबा राजाचा वाडा आणि आपली कणगी

रत्नागिरीच्या ज्या इमारतीला आपण थिबा राजवाडा म्हणतो, तो खरं तर तुरुंग होता. चांगला बांधलेला, पण तुरुंगच. 1885 साली इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला गादीवरून उठवून बोटीत बसवलं. राणी सुपायालात आणि लहान मुली बरोबर. मद्रासला थोडे दिवस ठेवून 1886 मध्ये त्यांना रत्नागिरीला आणलं. त्याआधी, सत्तावन्नच्या उठावानंतर, दिल्लीचा बहादूरशहा जफर असाच रंगूनला धाडला होता. तो 1862 साली तिथंच वारला. इकडचा तिकडं, तिकडचा इकडं. राजा रयतेच्या नजरेआड ठेवायचा, एवढाच त्यातला हिशेब.

थिबा 24 वर्षं बंगल्यांत राहिला. मग 1910 साली हा वाडा पुरा झाला. जागा उंचावरची, खाली खाडी आणि समुद्र. उतरतं छप्पर, सागाचं काम, अर्धगोल खिडक्यांना रंगीत काचा. समुद्र रोज दिसायचा, पण कुठं जायचं तर इंग्रजाची परवानगी. पेन्शन पुरेना म्हणून जडजवाहीर विकायची पाळी आली. वाड्यात सहा वर्षं काढून डिसेंबर 1916 मध्ये राजा गेला. त्याची समाधी रत्नागिरीतच आहे.

1919 साली कुटुंब मायदेशी गेलं. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परतली. वाड्यावर कामाला असलेल्या एका मराठी माणसाशी तिचं जुळलं होतं. त्यांची मुलगी टूटू इथंच वाढली, मराठी बोलली आणि गरिबीत संसार करून इथल्याच मातीत मिळाली. 2012 साली म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन समाधीला येऊन गेले. एवढ्या वर्षांनी देशाला आपल्या राजाची आठवण झाली.

पुढं वाड्यात सरकारी तंत्रनिकेतन भरायचं. आता तिथं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. भात झोडून मोकळे झाल्यावर आम्ही कर्जतकडची चार माणसं बघायला गेलो होतो. खोल्यांतून हिंडताना आमच्यातल्या एकानं विचारलं, "एवढ्या मोठ्या घरात हे दिवसभर करायचे काय?" प्रश्न साधा, पण मला तोच खरा वाटला. संग्रहालयानं हेच सांगायला पाहिजे. खुर्ची कुठल्या लाकडाची, हे पाटीवर लिहिता येतं. त्या खुर्चीत बसून माणूस कशाची वाट बघत होता, हे कुणीतरी सांगावं लागतं. दुसरी गोष्ट पावसाची. कोकणात एक साल शाकारणी चुकली तर वासा कुजायला लागतो. वाडा टिकवायचा म्हणजे उद्घाटनाचा खर्च नव्हे, दर सालचा.

हे सगळं मी का सांगतोय? आपल्या कर्जत-खालापुरात काय कमी आहे? कोंढाण्याच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीच्या बालक नावाच्या कारागिराचं नाव कोरलेलं आहे. उंबरखिंडीत 1661 साली शिवाजी महाराजांनी कारतलबखानाला कोंडलं. खोपोलीला 1915 पासून पाण्यावर वीज होते. भाई कोतवालांनी शेतकरी सावकाराच्या दारात जाऊ नये म्हणून धान्याची कोठी काढली आणि 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडावर देह ठेवला.

आणि घरातलं काय झालं? जमिनी गेल्या, जुनी घरं पाडली. जातं, उखळ, घंगाळ मोडीत किंवा फार्महाऊसच्या अंगणात गेलं. नांगर रंग देऊन गेटाशी उभा केलाय. येणारा पाहुणा त्याच्यापाशी फोटो काढतो. त्याला इसाड कुठलं आणि रुमणं कुठलं, कोण सांगणार? आमची नातवंडंही आता तेच विचारतात.

याला राजवाडा लागत नाही. पट कमी झाल्यानं बंद पडलेल्या शाळेची एक खोली पुरे. तिथं कणगी ठेवा, इरलं ठेवा. कणगी कुणी विणली, तिला शेण कुणी लावलं, दुष्काळात ती कधी रिकामी झाली, ते लिहून ठेवा. आठवड्यातून एक दिवस गावातली जाणती बाई तिथं बसवा, तिला त्याचे पैसे द्या आणि पोरांना तिच्यापुढं बसवा. राब कसा भाजायचा, आवण कसं काढायचं, हे तोंडानं सांगणारी माणसं अजून आहेत. ती आहेत तोवरच हे होईल.