अक्षरांचं स्थलांतर

आमचे दादाजान तहसील कचेरीत कारकून होते. निजामाच्या राज्यात १८८४च्या सुमारास फारसी जाऊन उर्दू कारभाराची भाषा झाली होती, दादाजान तिच्यातच शिकले. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान मुक्त झालं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि हळूहळू दप्तर मराठी झालं. रयतेची सोय झाली. दादाजानना मात्र पन्नाशीत बाराखडी गिरवावी लागली.

हे आठवलं ते कॉम्प्युटरमुळे. १९९८मध्ये औरंगाबादेत एका छापखान्यात मी माझ्या कविता टाइप करून घेतल्या होत्या. परवा फाइल उघडली, तर नुसता इंग्रजी अक्षरांचा काला! तेव्हाच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजीच्या जागांवर बसवलेली असत. फॉन्ट गेला की कविता गेली. १९९१मध्ये आलेल्या युनिकोडनं प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला. आपल्या ‘क’चा २३२५. आता तो कुठल्याही फॉन्टमध्ये ‘क’च राहतो.

पण मराठी टाइपरायटरवर हात बसलेले आमचे कंपोझिटर इनस्क्रिप्टवर अडखळले. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. बोटांना ते पटेना. एकानं तर कामच सोडलं. त्याला शिकवायला कुणी थांबलंच नाही.

दादाजानना एक तरुण तलाठी रोज संध्याकाळी अर्धा तास शिकवायचा. बदल्यात जुनी उर्दू कागदपत्रं त्यांच्याकडून वाचून घ्यायचा. निवृत्तीच्या कागदावर दादाजाननी सही केली, ती मराठीत.

मित्रहो, नवं जरूर आणावं. सोबत तो अर्धा तासही द्यावा.