जमिनीचें आवरण : जवसाच्या तेलापासून व्हिनाइलपर्यंत

घराचा इतिहास लिहिणारे लेखक बहुधा छपराकडे व भिंतींकडे पाहतात. पायांखालच्या जमिनीकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. राजवाड्याच्या घुमटाचें वर्णन दहा पृष्ठें चालतें. परंतु त्याच वाड्यांतील जमीन कोण, कशानें व दिवसांतून किती वेळां पुसत असे, याविषयीं एक ओळहि सांपडत नाहीं. वस्तुतः घरांतील नित्याच्या श्रमांचा मोठा वांटा या जमिनीवरच खर्च होत आला आहे. आज शहरांतील अनेक घरांत जुन्या लाद्यांवर व्हिनाइलची जमीन अंथरलेली दिसते, आणि ती विकणारा दुकानदार ‘हिचें कांहींच करावें लागत नाहीं’ असें गिऱ्हाइकास मोठ्या विश्वासानें सांगतो. हें आश्वासन नवें नाहीं. गेल्या दीडशें वर्षांत युरोप-अमेरिकेंत प्रत्येक नव्या जमिनीबरोबर तें दिलें गेलें आहे. तें कितपत खरें ठरलें, हें पाहावें एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम एक भेद ध्यानांत घेतला पाहिजे. आपल्याकडील शेणानें सारवलेल्या जमिनीची निगा हीच तिची दुरुस्ती असे. पोपडा निघाला, खळगा पडला, तर माती घालून चोपण्यानें ठोकावी व वरून सारवावें, कीं जमीन पुन्हां नवी. तींत श्रम पुष्कळ. परंतु त्या श्रमानें जमिनीची झीज भरून निघे. कारखान्यांत तयार होणाऱ्या आवरणाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तें घरीं येतें तेव्हांच सर्वांत चांगलें असतें. पुढें तें झिजत जातें, आणि निगा चुकीची असेल तर ती निगाच त्यास झिजवते. पूर्वीं गृहिणीस हाताचें कसब लागे. आतां तिला द्रव्याचा गुणधर्म माहीत असावा लागतो. हा बदल कसा घडला, तें पाहूं.

अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत कॅनव्हासवर तैलरंगाचे थर देऊन केलेलें ‘फ्लोअरक्लॉथ’ मध्यम स्थितींतील घरांत अंथरीत. परंतु स्वयंपाकघर, जिना व दाराच्या पायऱ्या येथें उघडें लांकूड किंवा दगडच असे, आणि तो मोलकरणीनें गुडघे टेकून कुंचल्यानें घासावयाचा. हॅना कलविक नांवाच्या एका इंग्रज मोलकरणीनें लिहिलेल्या रोजनिशा उपलब्ध आहेत; त्यांत या कामाची नोंद इतक्या वेळां येते, कीं वाचणाराचेच गुडघे दुखूं लागावे. गुडघ्याच्या वाटीपुढील पिशवी सुजण्याच्या विकारास इंग्रजी वैद्यकांत अद्यापिहि ‘मोलकरणीचा गुडघा’ अशा अर्थाचें नांव रूढ आहे. ज्या कामानें एका रोगास नांव दिलें, त्यापासून सुटका देण्याचें वचन बाजारांत न विकलें जातें तरच नवल!

तें वचन प्रथम लिनोलियमनें दिलें. रंगाच्या डब्यांत जवसाच्या तेलावर हवेनें धरलेली चिवट साय फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज संशोधकाच्या नजरेस पडली. रबरासारखी लवचिक अशी ही वस्तु उपयोगी पडेल, असें त्याच्या मनानें घेतलें. १८६० व १८६३ सालीं त्यानें पेटंटें घेतलीं, आणि १८६४ सालीं लंडनजवळ स्टेन्स येथें कारखाना काढला. तेलाची ही साय, राळ व बुचाचा भुगा यांचा लगदा तागाच्या जाड कापडावर दाबून हें आवरण करीत. लॅटिन भाषेंतील जवस व तेल या अर्थाच्या दोन शब्दांवरून वॉल्टननें त्यास ‘लिनोलियम’ हें नांव दिलें. पेटंटाची मुदत संपतांच स्कॉटलंडांतील कर्कॉल्डी गांवचे फ्लोअरक्लॉथचे कारखानदार नेअर्न हेहि तोच माल करूं लागले. तेव्हां वॉल्टनच्या कंपनीनें नांवाच्या हक्कासाठीं फिर्याद केली. परंतु १८७८ सालीं न्यायालयानें निकाल दिला, कीं या वस्तूस दुसरें नांवच नसल्यामुळें हें नांव सर्वांचें होय.

या कथेशीं आपल्या देशाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. ज्या तागाच्या कापडावर हें आवरण पसरीत, तो ताग बंगालमधून स्कॉटलंडांतील डंडी शहरीं जाई. विलायतेस जाणाऱ्या जवसाचाहि मोठा भाग हिंदुस्थानचा असे. १८६७ सालीं मुंबईची आगगाडी नागपुरास पोहोंचल्यावर नागपूर-वऱ्हाडाकडील जवस मुंबई बंदरांतून परदेशीं जाऊं लागला. ज्या शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरीं शेणाचें सारवण होतें, त्याच्या शेतांतील तेलबियांवर परक्या देशांतील स्वयंपाकघरें गुळगुळीत होत होतीं. हें आम्ही तक्रार म्हणून लिहीत नाहीं. व्यापाराची वाट कोठून कोठें जाते, हें समजावें म्हणून लिहितों.

लिनोलियम आलें, आणि गृहिणीस नवा धडा शिकावा लागला. लांकूड घासण्यास जो धुण्याचा सोडा चाले, तोच येथें घातक ठरला. क्षार व तेल एकत्र आले म्हणजे तेलाचा साबण होतो, हें रसायनशास्त्राचें प्राथमिक सूत्र आहे. तेलापासूनच झालेली जमीन तीव्र क्षारानें धुतली, तर ती हळूहळू विरघळूं लागते, भुरी पडते व तडकते. म्हणून सौम्य साबण, थोडें पाणी आणि वरून मेणाचा हात, अशी पद्धत पडली. मेण मात्र लावल्यावर घासून चकाकवावें लागे. कुंचला गेला, परंतु गुडघे जमिनीवरच राहिले!

या मेणाची हकीकत बोधप्रद आहे. अमेरिकेंतील रसीन या गांवीं सॅम्युएल कर्टिस जॉन्सन या गृहस्थानें १८८६ सालीं लांकडी जमिनी बसविण्याचा धंदा विकत घेतला. जमीन घेतलेले लोक ‘आतां ही राखावी कशी?’ असें विचारूं लागले, म्हणून त्यानें मेण तयार करून विकण्यास आरंभ केला. शतक संपण्यापूर्वींच जमिनीपेक्षां मेणाचा खप अधिक झाला, आणि पुढें जमिनींचा धंदा सोडून देण्यांत आला! १९३२ सालीं याच कंपनीनें न घासतां आपोआप चकाकणारें पातळ मेण काढलें. १९३५ सालीं तर त्या जॉन्सनचा नातू कार्नोबा नांवाच्या ताडाच्या पानांवरील मेणाच्या शोधार्थ विमानानें ब्राझीलला गेला. जमीन एकदांच विकली जाते, निगा मात्र जन्मभर विकतां येते, हें व्यापाऱ्यास फार लौकर उमगलें होतें.

आतां व्हिनाइलकडे वळूं. पॉलिव्हिनाइल क्लोराइड हें द्रव्य १८७२ सालीं जर्मन रसायनज्ञ बाउमान याच्या दृष्टीस पडलें होतें. परंतु तें कठीण व ठिसूळ असल्यामुळें निरुपयोगी मानलें गेलें. १९२६ सालीं अमेरिकेंत ॲक्रन येथें, गुडरिच कंपनीच्या प्रयोगशाळेंत, वॉल्डो सेमन हा रबर धातूस चिकटविण्याचें साधन शोधीत होता. हें द्रव्य उच्च उष्णतेवर उकळणाऱ्या एका द्रवांत त्यानें तापविलें, तेव्हां चिकट साधन न मिळतां लवचिक गोळा हातीं आला. त्यापासून केलेल्या लाद्या १९३३ सालच्या शिकागोच्या प्रदर्शनांत लोकांनीं पाहिल्या. परंतु घरोघर त्यांचा प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरच झाला. पाणी शोषीत नाहीं, क्षारानें विरघळत नाहीं, तेलानें डागळत नाहीं, अशी ही जमीन लिनोलियमच्या वरचढ ठरली यांत नवल नाहीं.

परंतु या सोयीची एक काळी बाजू होती. बळकटीसाठीं जुन्या व्हिनाइल लाद्यांत ॲस्बेस्टसचे तंतु मिसळीत, आणि खालच्या काळ्या चिकणींतहि ते असत. फुप्फुसाच्या आवरणाचा असाध्य कर्करोग या तंतूंपासून होतो, हें सिद्ध झाल्यावर १९८० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील अशा लाद्यांचें उत्पादन थांबलें, व ब्रिटननें १९९९ सालीं ॲस्बेस्टसचा वापर पूर्णपणें बंद केला. लादी अभंग असेतों भय थोडें. ती कोरडी खरवडली किंवा यंत्रानें घासली, कीं तंतु हवेंत उडतात. त्या देशांत जुनीं घरें घेऊन राहणारीं मराठी कुटुंबें आज पुष्कळ आहेत. नऊ इंची जुन्या लाद्या दिसल्यास त्या स्वतः उखडण्याच्या भरीस पडूं नये. तपासणी करून घ्यावी, आणि काढावयाच्याच असल्या तर तें काम त्यांतील जाणत्यांकडून करवावें.

मेणाची कथाहि व्हिनाइलबरोबर पुढें सरकली. मेणाच्या जागीं ॲक्रिलिकचीं पातळ पॉलिशें आलीं. त्यांस जस्ताच्या क्षारांनीं घट्टपणा आणीत; अमोनियानें ही बांधणी सुटते, म्हणून जुनें पॉलिश काढावयाचें तर अमोनिया वापरीत. या एका गोष्टीवरून दोन नियम आपोआप निघतात : पॉलिश राखावयाचें असेल तर रोजच्या पाण्यांत अमोनिया नको, आणि थरावर थर चढवून जमीन पिवळी होऊं द्यावयाची नाहीं. १९७० नंतर वरच्या थरांतच चकाकी घातलेल्या जमिनी आल्या. त्यांस मेण लावणें म्हणजे निष्कारण मळ धरून ठेवणें होय.

यावरून आजच्या घरांतील व्हिनाइलची निगा थोडक्यांत सांगतां येते. घरगुती जमिनीचा झीज सोसणारा थर पुष्कळदां अर्ध्या मिलिमीटरहूनहि पातळ असतो. तो भरून काढतां येत नाहीं. त्याचा मोठा शत्रु पाणी नव्हे, तर चपलांबरोबर येणारी वाळूची कच होय. म्हणून दाराशीं पायपुसणें ठेवावें व आधीं मऊ केरसुणीनें झाडावें. कच तशीच ठेवून ओलें फडकें फिरविलें तर तीच जमीन घासते. पुसण्यास बादलीभर कोमट पाण्यांत चमचा-दोन चमचे सौम्य साबण पुरे. फडकें पिळून घ्यावें, कारण सांध्यांतून उतरलेलें पाणी खालची चिकण सोडवितें. मागाहून साध्या पाण्यानें पुसावें, नाहींतर साबणाचा पापुद्रा मळ धरतो. तारेची घासणी व कपचीदार चूर्ण वर्ज्य करावीं. पायपुसणें रबरी तळाचें नसावें. रबरांतील द्रव्यें व्हिनाइलमध्यें उतरून पिवळा डाग पडतो, आणि तो कशानेंहि जात नाहीं. तापलेलें भांडें खालीं ठेवूं नये. जड कपाट ओढूं नये, उचलावें. आणि एक गोष्ट जिवाची म्हणून सांगतों : ब्लीचिंगचें पाणी व अमोनिया कधींहि एकत्र करूं नये, त्यांपासून विषारी वायु निघतो.

शेवटीं मूळ प्रश्न उरतो : दीडशें वर्षांच्या या खटाटोपानें घरांतील श्रम कमी झाले काय? जोॲन व्हानेक या अमेरिकन विदुषीनें १९७४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत असें दिसलें, कीं बाहेर नोकरी न करणाऱ्या गृहिणीचे घरकामाचे तास १९२४ सालीं आठवड्यास सुमारें ५२ होते, ते १९६० नंतर सुमारें ५५ झाले. रूथ श्वार्ट्झ कावन यांनीं १९८३ सालच्या आपल्या ग्रंथांत याची मीमांसा केली आहे. साधनें सुधारलीं तशी स्वच्छतेची अपेक्षाहि वाढली. आणि पूर्वीं मोलकरीण, मुलें व पुरुष यांच्यांत वांटलें जाणारें काम एकट्या गृहिणीवर येऊन पडलें. पूर्वीं आठवड्यांतून एकदां धुतली तरी चालणारी जमीन आतां रोज चकाकावी, असें सर्वांस वाटूं लागलें.

तेव्हां नव्या द्रव्यास आम्ही दोष देत नाहीं. गुडघे टेकून दगड घासण्यापेक्षां उभ्यानें फडकें फिरविणें केव्हांहि बरें. मात्र ‘कांहींच करावें लागत नाहीं’ हें वाक्य जो उच्चारतो, त्यास विचारावें, कीं बाबा, तुझ्या घरीं जमीन कोण पुसतें? ज्या घरांत कचेरीहून आलेला पुरुष चपला बाहेर काढतो, मुलगा सांडलेला चहा स्वतः पुसतो, आणि कामवाल्या बाईंच्या हातीं लांब दांड्याचें पुसणें दिलें जातें, त्या घरांतील श्रम खरोखर कमी झालेले असतात. मग जमीन शहाबादी फरशीची असो वा व्हिनाइलची. कारखान्यानें जें करावयाचें तें बहुतेक करून झालें आहे. उरलेली सुधारणा घरांतील माणसांनींच करावयाची आहे.