'लॉयल्टी' : एका जुन्या आगबोटीची डागडुजी

दरवर्षी ५ एप्रिलला आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन साजरा होतो. १९६४ पासूनची ही प्रथा. १९१९ साली ह्याच तारखेला 'लॉयल्टी' ही आगबोट मुंबईहून इंग्लंडकडे निघाली आणि हिंदी मालकीच्या आधुनिक जहाज-वाहतुकीचा आरंभ झाला, असे त्या दिवशी सांगितले जाते. सांगितले जाते ते खरेच आहे. मात्र ह्या कथनात एक गोष्ट बहुधा गाळली जाते. प्रारंभाचे प्रतीक ठरलेली ही आगबोट तोवर जलावतरणाला अठ्ठावीस वर्षे उलटून गेलेली, दोन मालक पाहिलेली, एका महायुद्धात राबलेली अशी जुनी बोट होती. तिचे 'पहिले' प्रस्थान हे वस्तुतः तिच्या आयुष्याचे शेवटचे प्रकरण होते.

समुद्रापासून इतक्या दूर, अंजनीकाठच्या एरंडोलात बसून आगबोटीवर लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाला पडेल. खानदेशाचा समुद्राशी संबंध कापसाच्या वाटेने आला. १८६० च्या दशकात जी.आय.पी. रेल्वे ह्या भागातून गेली, एरंडोलसाठी म्हसावद हे जवळचे स्थानक झाले, आणि येथला कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत थेट पोहोचू लागला. गोदीच्या पुढे मात्र तो ज्या आगबोटींत चढे त्या परक्यांच्या असत आणि भाडेही तेच ठरवीत. कापूस पिकवणाऱ्याला ह्या शेवटच्या टप्प्याची कल्पना क्वचितच असे. ती कल्पना मुंबईतल्या काही व्यापाऱ्यांना होती. जमशेटजी टाटांनी १८९० च्या दशकात जपानी कंपनीच्या सहकार्याने चीन-जपानच्या मार्गावर बोटी चालवून पाहिल्या, पी. अँड ओ. कंपनीने दर पाडले आणि तो प्रयत्न संपला. तुतिकोरिनला चिदंबरम् पिळ्ळै ह्यांनी १९०६ मध्ये स्वदेशी कंपनी काढली. तिचा शेवट तर तुरुंगवासाशी जोडलेला आहे. 'लॉयल्टी'च्या मागे ही परंपरा आहे आणि ती मुख्यतः अपयशांची आहे.

आता खुद्द बोटीकडे वळू. तिचे मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने पॅसिफिक महासागर ओलांडण्यासाठी तीन बहिणी बांधून घेतल्या : इंडिया, जपान आणि चीन ह्यांच्या सम्राज्ञी. त्यांतली ही पहिली. इंग्लंडमधील बॅरो येथे बांधली गेली, ऑगस्ट १८९० मध्ये पाण्यात उतरली, १८९१ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलहून सुएझमार्गे निघाली आणि हाँगकाँग, योकोहामा करीत एप्रिलअखेर व्हँकूव्हरला पोहोचली. ५,९०५ टन वजनमाप, साधारण ४५६ फूट लांबी, दोन धुरांडी, तीन डोलकाठ्या, दोन मळसूत्री पंखे, ताशी सुमारे सोळा सागरी मैलांचा वेग. रंग पांढराशुभ्र. शिडाच्या गलबतासारखा पुढे झेपावणारा नाळेचा भाग पाहणाऱ्याला भुरळ घाली. ज्या काळात वाफेवर पूर्ण विश्वास बसलेला नव्हता त्या काळाची ही शेवटची शोभा होय.

अशा बोटीचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय पुढचे कोडे उलगडत नाही. वेगवान टपालबोट ही मुळात तोट्याची वस्तू असते. तिच्या पोटातली बरीच जागा बॉयलर, यंत्रे आणि कोळसा ह्यांनी व्यापलेली असते, मालाला उरते ती थोडी. हा तोटा टपालाचे सरकारी अनुदान भरून काढते. युद्धाच्या वेळी तोफा चढवता येतील अशी तिची बांधणी असावी, ही अटही त्या अनुदानात गुंतलेली होती. म्हणजे जोवर साम्राज्याची थैली उघडी तोवर ही बोट दिमाखाने धावणार. तेवीस वर्षे ती धावली. मध्यंतरी, १९०३ साली, एका चिनी युद्धनौकेशी तिची टक्कर झाली आणि बुडाली ती युद्धनौका. १९१३ मध्ये कंपनीने जवळजवळ तिप्पट वजनमापाच्या दोन नव्या बोटी ह्या मार्गावर आणल्या. जुनी 'सम्राज्ञी' एकाएकी लहान, मंद आणि खर्चिक ठरली. तिच्यात बिघाड काहीच झाला नव्हता; जग पुढे गेले होते.

१९१४ च्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. हिंदी संस्थानिकांनी मिळून एक इस्पितळबोट द्यावी असे ठरले आणि तिचे नाव 'लॉयल्टी', म्हणजे राजनिष्ठा, असेल हेही जाहीर झाले. नाव आधी ठरले, बोट नंतर मिळाली. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे ह्यांना ह्या कामाचा पूर्वानुभव होता. १९०० साली चीनमधील बंडाच्या वेळी त्यांनी इस्पितळबोट पुरवली होती आणि ते स्वतःही तेथे गेले होते. त्या बोटीचे नाव होते 'ग्वाल्हेर'. चौदा वर्षांत संस्थानाच्या नावाची जागा निष्ठेने घेतली, हा फरक भाषेच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवावा असा आहे. १९१४ अखेरीस 'एम्प्रेस ऑफ इंडिया' महाराजांच्या मालकीची झाली आणि नव्या नावाने हिंदी सैनिकांच्या सेवेत आली.

इस्पितळबोटींचा रंग पांढरा असावा असे हेगच्या १९०७ च्या करारात ठरले होते. ही बोट तर जन्मतःच पांढरी! पण रंग सोडला तर बाकी सारे बदलावे लागते. श्रीमंत प्रवाशांच्या खोल्या जखमींना निरुपयोगी असतात. डोली वळवता येत नाही इतक्या त्यांच्या वाटा अरुंद. भिंती काढून लांब दालने करायची, खाटा बसवायच्या, शस्त्रक्रियेची खोली उभारायची, स्वच्छ पाण्याची आणि सांडपाण्याची सोय वाढवायची. जुन्या बोटीचे असे रूपांतर म्हणजे वाड्याचे शाळेत रूपांतर करण्यासारखे असते. दर्शनी भाग तोच राहतो आणि आत नळ, तारा, दारे सारी नवी येतात. पुढे कधी वाडा परत हवा झाला तर तो मिळत नाही.

१९१९ च्या मार्चमध्ये नेमका हाच प्रसंग आला. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास ह्या मंडळींनी कंपनी स्थापन केली आणि 'लॉयल्टी' विकत घेतली. वालचंद हे सोलापुरात जन्मलेले. फाटक नावाच्या भागीदाराबरोबर रेल्वेच्या ठेक्यांत त्यांनी नाव कमावलेले. बोटीच्या पूर्वमालकावरून कंपनीचे नाव 'सिंदिया' पडले. म्हणजे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या शिंद्यांचे आडनाव उत्तरेत जाऊन 'सिंदिया' झाले आणि त्या रूपात समुद्रमार्गे मुंबईला परतले. मराठीत ते पुन्हा 'शिंदे' करावे असे कोणाला सुचले नाही. असो.

मार्चमध्ये कंपनी आणि ५ एप्रिलला प्रस्थान! एवढ्या अवधीत काय होऊ शकते ह्याचा विचार करावा. पंचवीस वर्षांपुढच्या आगबोटीची खरी दुरुस्ती काही महिन्यांची असते. तिला कोरड्या गोदीत घ्यावे लागते. पाणी उपसून तळ उघडा पडला की त्यावर चढलेले शेवाळ आणि शिंपल्यांचा थर खरवडायचा. ह्या थराने वेग मंदावतो आणि कोळसा अधिक लागतो. मग पोलादाची पाहणी. जुन्या बोटीच्या पत्र्याची जाडी नुसती पाहून कळत नाही. ठिकठिकाणी भोके पाडून ती मोजतात, गंजाने खाल्लेले पत्रे बदलतात, रिव्हेटी नव्याने ठोकतात. बॉयलरच्या नळ्यांत क्षारांचे थर बसलेले असतात. नळ्या बदलल्या नाहीत तर निरीक्षक वाफेचा दाब कमी ठेवण्याचे बंधन घालतो आणि सोळाच्या वेगाची बोट बाराची होऊन बसते. निरीक्षण, वर्गीकरण, विमा ह्यांची साखळी अशी की एक कडी निसटली तर बंदर सोडता येत नाही. इतक्या थोड्या दिवसांत ह्यातले फार थोडे करता येते. प्रवासी नेण्याजोगी व्यवस्था, रंग, यंत्रांची जुजबी देखभाल, इतकेच. 'लॉयल्टी'ची डागडुजी झाली, जीर्णोद्धार झाला नाही, असे माझे मत आहे. आणि तिच्या पुढच्या चार वर्षांचा उलगडा ह्या एका गोष्टीने बऱ्याच अंशी होतो.

मुंबईत गोद्या नव्हत्या असे नाही. १९१४ मध्येच अलेक्झांड्रा गोदीबरोबर ह्यूजेस ही भव्य कोरडी गोदी खुली झाली होती. परंतु युद्धोत्तर काळात प्रत्येक कंपनीच्या थकलेल्या बोटी दुरुस्तीसाठी रांगेत उभ्या होत्या. त्यात ज्यांच्याशी स्पर्धा करायची तेच ह्या सगळ्या व्यवस्थेचे जुने आणि मोठे गिऱ्हाईक. बोट विकत घेणे हा एका दिवसाचा व्यवहार असतो. ती चालती ठेवणे म्हणजे गोदी, कारागीर, सुटे भाग, निरीक्षक, कोळसा ह्या सर्वांशी कायमचे नाते जोडणे होय. हे नाते नव्या कंपनीजवळ नव्हते.

प्रस्थानाचा दिवस शनिवार होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशभर हरताळ पडला आणि मुंबईत चौपाटीवर लोकांचा समुद्र लोटला. त्यानंतर आठवड्याने जालियनवाला बाग. ज्या बोटीने स्वदेशी जहाज-वाहतुकीचा आरंभ केला तिच्या नाळेवर त्या सबंध आठवड्यात 'राजनिष्ठा' हा शब्द झळकत होता. कादंबरीकाराने हे रचले असते तर आपण त्याला ओढूनताणून आणलेला योगायोग म्हटले असते.

तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना थीसियसच्या जहाजाचे कोडे ठाऊक असते. एकेक फळी बदलत गेली, तरी जहाज तेच म्हणायचे काय? 'लॉयल्टी'च्या बाबतीत कोडे उलटे आहे. पोलाद बहुतांशी तेच राहिले. नाव, मालक, अंतर्भाग आणि अर्थ मात्र बदलत गेले. सम्राज्ञी, राजनिष्ठा आणि स्वदेशी हे तीन अर्थ एकाच सांगाड्यावर चढले.

सांगाडा ज्यांच्या हातांनी चालत होता त्यांची नावे आपल्याकडे नाहीत. त्या काळच्या मुंबईच्या मोठ्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी बरेचदा रत्नागिरी आणि गुजरातच्या किनाऱ्याचे असत, बॉयलरपुढे कोळसा लोटणारे पंजाबचे, आणि भोजनगृहात गोव्याची माणसे. सारंग आणि तांडेल ही पदनामे मराठीत रुळली, माणसे रुळली नाहीत. कोकणात पावसाळ्याआधी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात, नारळी पौर्णिमेला त्या पुन्हा पाण्यात लोटतात. मधल्या काळात भेगा बुजवणे, तेल लावणे, दोर वळणे चालते. नारळी पौर्णिमेवर आपल्याकडे कविता आहेत. शाकारण्यावर माझ्या वाचनात एकही नाही.

वाङ्मयाच्या अभ्यासकांना येथे रस वाटावा असे मला वाटते. वालचंदांचे मोठे चरित्र लिहिणारे गं. दे. खानोलकर हे 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक'चे कर्ते. साहित्यिकांच्या आयुष्याची सामग्री चिकाटीने जमवणारा लेखक उद्योगपतीच्या चरित्राकडे वळला हे मराठीतले दुर्मिळ उदाहरण आहे. पण चरित्र हा प्रकारच संकल्प, संघर्ष आणि सिद्धी ह्यांच्या चालीने चालतो. बखरीची आणि पोवाड्याचीही चाल हीच. डागडुजीला ह्यांपैकी कोठेच जागा नाही, कारण तिला क्लायमॅक्स नसतो. ती सापडते जमाखर्चात. पेशवेकालीन आरमाराविषयीही किती काथ्या, किती तेल, किती सुतार हे सांगतात ती हिशेबाची कागदपत्रेच. एरंडोल एके काळी हातकागदासाठी प्रसिद्ध होते. असा कागद रोजकीर्दी आणि खतावण्यांच्या कामी येई. आपल्या पूर्वजांच्या लेखनाचा मोठा भाग हा असा आहे आणि आपण त्याला लेखन मानत नाही. गावाच्या नावातल्या एरंडाचीही तीच गत : एकोणिसाव्या शतकात येथल्या रेल्वेगाड्यांच्या वंगणासाठी एरंडेल तेल वापरले जाई. आगगाडीवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले, वंगणावर कोणी लिहावे?

'लॉयल्टी'चे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगण्यासारखे आहे. प्रवासी वाहतुकीत पी. अँड ओ.शी टक्कर देणे एका जुन्या बोटीला शक्य नव्हते, टपालाचे अनुदान तर हिंदी कंपनीला मिळणारच नव्हते. सोळा सागरी मैलांसाठी बांधलेली यंत्रे कोळसा मात्र पूर्वीइतकाच मागत होती. कंपनीने मालवाहू आगबोटींकडे आणि किनाऱ्याच्या वाहतुकीकडे मोर्चा वळवला. हा निर्णय शहाणपणाचा होता, कंपनी त्यामुळेच तगली. लॉर्ड इंचकेपच्या बी.आय. कंपनीने दरयुद्ध पुकारले, आणि १९२३ मध्ये सिंदियाला आपले हातपाय आखडून घेणारा दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला. 'लॉयल्टी' १९२१ पासून नांगरून पडली होती. १९२३ च्या सुरुवातीस ती मुंबईतच मोडीत निघाली. ज्या वर्षी कंपनीला जगण्याची परवानगी मिळाली त्याच वर्षी तिच्या पहिल्या बोटीचे पत्रे सुटे झाले.

वालचंदांनी धडा घेतला तो नव्या बांधणीचा. २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणच्या जहाजकारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली, आणि १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंनी तेथे 'जलउषा' पाण्यात सोडली. त्या समारंभाची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. जुन्या जहाजांच्या दुरुस्तीसाठी तेथे कोरडी गोदी झाली ती त्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला.