डावीकडचा श्वास

माझी मान उजवीकडे वळते, डावीकडे वळत नाही. हा दोष जन्मजात नाही, नोकरीत लागला आहे. बँकेत माझ्या काउंटरवर संगणक उजव्या हाताला, प्रिंटर उजव्या हाताला आणि साहेबांची केबिनही उजव्याच हाताला. डावीकडे नुसती भिंत, आणि तिच्यावर बँकेला सुट्या कधी असतात त्याचा तक्ता. तो मला पाठ असल्यामुळे तिकडे बघण्याची गरज पडत नाही. बावीस वर्षं अशी काढल्यावर एके दिवशी मान उजवीकडे गेली आणि परत येईना. डॉक्टरांनी फोटो काढला, तो उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "रोज सकाळी पोहा."

मला वाटलं, नाश्त्याचं सांगताहेत.

"पण एक लक्षात ठेवा," डॉक्टर पुढे म्हणाले, "फ्रंट क्रॉल पोहताना एकाच बाजूला तोंड काढून श्वास घेतलात, तर मान होती त्याहून बिघडेल. दोन्ही बाजूंना घ्यायचा. एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे."

पोहणं मला नवीन नव्हतं. गावी आमच्या विहिरीत अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पाठीला पत्र्याचा डबा बांधून मला ढकललं होतं. त्या काळी पोहणं शिकवण्याची हीच एक पद्धत होती. विहिरीच्या उजव्या अंगाला पायऱ्या होत्या आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर धोतर खोचून अण्णा उभे असत. डाव्या अंगाला दगडांची कपार होती आणि त्या कपारीत एक दिवड राहत असे. दिवड विषारी नसते हे मला गावातल्या प्रत्येकाने सांगितलं होतं. दिवडीला ते कोणी सांगितलं होतं का, एवढीच माझी शंका होती. तेव्हा श्वास घ्यायला तोंड काढायचं ते अण्णांकडे, हा नियम मी सातव्या वर्षी स्वतःसाठी केला आणि पुढे चाळीस वर्षं तो मोडला नाही.

आता तलावावर मला शिकवायला एक पोरसवदा सर आहेत. वय असेल बावीस-तेवीस. मी त्यांना 'सर' म्हणतो, ते मला 'काका' म्हणतात, आणि या दोन्ही गोष्टींची मला सारखीच लाज वाटते. "काका, तीन हात मारा आणि श्वास घ्या. परत तीन हात, परत श्वास. तीन हा विषम आकडा आहे, त्यामुळे बाजू आपोआप बदलते." गणित पटण्यासारखं होतं. नोटा मोजण्यात माझी हयात गेली आहे. एक, दोन, तीन करून मी मान डावीकडे वळवली आणि दीड पेलाभर क्लोरीन प्यायलो.

बँकेची एक शिकवण आहे. काम जमत नसलं की आधीची फाईल काढावी. आपल्याआधी कोणीतरी हीच चूक करून ठेवलेली असते. मी वाचनालय गाठलं.

फाईल बरीच जुनी निघाली. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूदच्या राजवाड्यातल्या दगडी पाट्या आहेत, इसवी सनापूर्वीच्या नवव्या शतकातल्या. त्यांत माणसं नदी पोहून चालली आहेत. त्यांतल्या दोघांनी जनावराचं फुगवलेलं कातडं पोटाशी धरलं आहे आणि त्याची नळी तोंडात पकडली आहे. म्हणजे आमचा पत्र्याचा डबाच. मात्र आमच्या डब्यात आपला श्वास भरावा लागत नसे, एवढी प्रगती सत्तावीस-अठ्ठावीसशे वर्षांत झाली म्हणायची.

नंतरची बरीच पानं मी भराभर उलटली. १५७१ साली केंब्रिज विद्यापीठाने विद्यार्थ्यांना पाण्यात उतरायला बंदी केली आणि १५८७ साली त्याच केंब्रिजच्या एव्हरार्ड डिग्बीने पोहण्यावर लॅटिनमध्ये पुस्तक लिहिलं. बंदीचं परिपत्रक आणि त्याच कामाची माहितीपुस्तिका एकाच कचेरीतून निघणं हे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांना नवीन नाही.

खरी गंमत १८४४ सालची आहे. अमेरिका खंडातल्या ओजिब्वे जमातीच्या काही लोकांना लंडनला आणलं होतं. त्यांतल्या दोघांची हाय होबर्नच्या स्नानगृहात शर्यत लावली. इंग्रजांनी त्यांची नावं फ्लाइंग गल आणि टोबॅको अशी लिहून ठेवली आहेत, म्हणजे एक उडता समुद्रपक्षी आणि एक तंबाखू. उडता पक्षी जिंकला. १३० फूट अंतर त्याने अर्ध्या मिनिटात कापलं. दोघंही हात पाण्याबाहेर काढून आळीपाळीने पुढे टाकत होते आणि पाय खालीवर आपटत होते. आज आपण ज्याला फ्रंट क्रॉल म्हणतो त्याच घराण्यातला हा प्रकार. लंडनकरांनी तो पाहिला आणि नाक मुरडलं. वर्तमानपत्राला त्यांचे हात पवनचक्कीच्या पात्यांसारखे दिसले आणि हे सगळंच युरोपीय रीतीला सोडून वाटलं. पुढे केनवर्दी नावाच्या इंग्रजाने आपल्या संथ ब्रेस्टस्ट्रोकने त्या दोघांना हरवलं, तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं असणार. पाणी उडवायचं नाही, केस भिजवायचे नाहीत आणि तोंड तर मुळीच बुडवायचं नाही, असं सभ्य पोहणं जिंकलं.

पुढची तीस वर्षं या सभ्यतेचा अंमल होता. १८७५ च्या ऑगस्टमध्ये कॅप्टन मॅथ्यू वेब इंग्लिश खाडी पोहून गेला तो ब्रेस्टस्ट्रोकनेच, पावणेबावीस तासांत. मधे ब्रँडी पीत, अंगाला तेल चोळलेलं आणि डोकं पाण्याबाहेर. मला हा गृहस्थ फार आवडतो. बावीस तास मान वर धरणारा माणूस! त्याचा फोटो आमच्या डॉक्टरांनी उजेडाकडे धरला असता तर त्यांना काय दिसलं असतं कोण जाणे.

वेबच्या आधी दोन वर्षं, १८७३ मध्ये, जॉन ट्रजन नावाच्या पोहणाऱ्याने लंडनला हात पाण्याबाहेरून टाकण्याचा प्रकार दाखवला होता. तो दक्षिण अमेरिकेत शिकून आला होता. लोकांनी त्या प्रकाराला त्याचं नाव दिलं आणि देताना स्पेलिंग चुकवलं. पुढे कित्येक पुस्तकांत ते तसंच चुकीचं छापलं गेलं. एकदा नाव चुकीचं पडलं की ते दुरुस्त करणं किती कठीण, हे आमच्या काउंटरवर पासबुक घेऊन आलेल्या कुणालाही विचारा. पण मुद्दा तो नाही. ट्रजनने हात उचलले ओजिब्वेंचे आणि पाय ठेवले ब्रेस्टस्ट्रोकचे. डोकं? ते बाहेरच! हात बघून उचलता येतात, म्हणून ते आधी आले.

पाय यायला आणखी पंचवीस-तीस वर्षं लागली. प्रशांत महासागरातल्या सॉलोमन बेटांवरचा ॲलिक विकहॅम नावाचा मुलगा सिडनीला शिकायला आला होता. तो आपल्या गावाकडच्या पद्धतीने पोहला, तेव्हा काठावरचा एक प्रशिक्षक 'बघा, पोरगं कसं रांगतंय!' अशा अर्थाचं काहीतरी ओरडला म्हणे, आणि त्यावरून 'क्रॉल' हे नाव पडलं असं सांगतात. सिडनीच्याच कॅव्हिल घराण्यातल्या भावांनी ही पद्धत पुढे नेली. त्यांच्यातला डिक कॅव्हिल १९०२ साली इंग्लंडात शंभर यार्ड एका मिनिटाच्या आत पोहला. ज्या देशाने १८४४ मध्ये नाक मुरडलं होतं, त्याच देशात. फाईल निकाली निघायला अठ्ठावन्न वर्षं! आमची बँक उगाच बदनाम आहे.

तरीही श्वासाचं काय, हा माझा प्रश्न होता तिथेच राहिला. जॉनी वाइसमुलर १९२२ मध्ये शंभर मीटर एका मिनिटाच्या आत पोहणारा पहिला माणूस ठरला, पुढे सिनेमात टारझन झाला. त्याचीही छाती आणि डोकं पोहताना पाण्यावर चांगलं उचललेलं असायचं. डोकं उचललं की पाय खाली जातात, हा तराजूचा साधा हिशेब आहे. पण तो वाइसमुलर होता, त्याचे पाय बुडायला घाबरत असतील. सामान्य माणसाने तोंड पाण्यात घालून पडून राहावं आणि हातासोबत अख्खं अंग कुशीवर वळवावं. म्हणजे तोंड आपोआप बाहेर येतं. डोकं पुढे सरकताना कपाळासमोर पाणी फुगतं आणि गालाजवळ खळगा पडतो. श्वास त्या खळग्यातून घ्यायचा. एक डोळा पाण्यात, एक बाहेर. हे वाचलं तेव्हा मला विलक्षण वाटलं. गालाशेजारी हवेची वाटी भरून ठेवलेली, आणि मी ती सोडून मान ताणून आभाळातली हवा मागत होतो.

दुसरी गोष्ट मला कॉमर्सच्या पदवीमुळे चटकन समजली. श्वास आत घ्यायचा तर आधीचा बाहेर काढलेला हवा, तोही पाण्याखालीच. मी तोंड बाहेर काढल्यावर आधी सोडायचो आणि मग घ्यायचो. तेवढ्यात खळगा मिटायचा. शिवाय आपला जीव घाबरा होतो तो बहुतेक वेळा हवा संपल्यामुळे नाही, तर आत साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर न गेल्यामुळे. म्हणजे शिल्लक आहे, पण जुनी येणी-देणी मिटवलेली नाहीत. सर रोज काठावरून ओरडायचे, "काका, फुंका! फुंका!" आणि मला वाटायचं, हे काय चूल पेटवणं आहे?

दोन्ही बाजूंना श्वास हवा कशाला, याचं उत्तर समुद्राकडे आहे. १९२६ च्या ऑगस्टमध्ये गर्ट्रूड एडर्ली ही एकोणीस-वीस वर्षांची अमेरिकन मुलगी क्रॉल मारत इंग्लिश खाडी पार करून गेली, साडेचौदा तासांच्या आसपास. तिच्याआधी पाच पुरुष पोहून गेले होते. त्यांच्यातल्या सर्वांत वेगवान माणसाला तिने दोनएक तासांनी मागे टाकलं. समुद्रात लाट एका अंगाने येते. त्याच अंगाला तोंड काढायची सवय असेल तर हवेऐवजी लाट पोटात जाते. ऊनही एकाच डोळ्यात येतं. सोबतची होडी आज उजवीकडे, तर उद्या डावीकडे. १९५८ साली मिहिर सेन आणि १९५९ साली आरती साहा याच खाडीतून गेले. आपल्याकडे धरमतरहून गेट वेपर्यंत पोहणाऱ्यांनाही हीच लाट लागते. तलावात मात्र हा धर्म सगळे पाळत नाहीत. ऑलिंपिकमधले बरेच विजेते शर्यतीत एकाच बाजूला श्वास घेतात आणि पन्नास मीटरवाले तर घेतला न घेतला असं करून मोकळे होतात. मी हे सरांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "काका, तुम्ही ऑलिंपिकला निघालात का?"

मी म्हटलं, डावीकडे वळताना माझे पाय बुडतात. त्यावर सरांनी मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतलं. सांगली जिल्ह्यातला हा जवान १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाला आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक घेऊन आला, ३७.३३ सेकंदांत. त्या दिवसापासून मी माझ्या पायांविषयी चकार शब्द काढलेला नाही.

शेवटी धीर दिला तो जेम्स कौन्सिलमन या अमेरिकन प्रशिक्षकाने. पाण्याखाली कॅमेरा नेऊन पोहणाऱ्यांची चित्रं घेणाऱ्यांतला तो मोठा माणूस. हात-पाय काठावरून दिसतात, फुंकणं दिसत नाही. ते पाहायला पाण्याखालीच जावं लागतं. १९६८ मध्ये त्याने पोहण्याच्या शास्त्रावर जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि १९७९ मध्ये, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेला. मला तर अजून बारा वर्षं होती, आणि खाडी नव्हे, पंचवीस मीटर पार करायचे होते.

इतकं वाचून पाण्यात उतरलो. एक, दोन, तीन, आणि मान उजवीकडे. पुन्हा एक, दोन, तीन, आणि मान परत उजवीकडेच! खांदा डावीकडे वळला तरी मान ऐकेना. अण्णांना जाऊन आठ वर्षं झाली. तलावाच्या उजव्या काठावर फक्त ओले टॉवेल वाळत घातलेले असतात, हे मला माहीत आहे. तरी दर खेपेला तिकडे बघितल्याशिवाय श्वास आत जायचा नाही. हे मी सरांना सांगितलं नाही. त्यांनी पुन्हा मला ऑलिंपिकचं विचारलं असतं.

रविवारी तलावावर नवरा-बायको, पोरंबाळं अशी सगळ्यांची एकत्र वेळ असते. आमची ही तीन महिन्यांपासून बायकांच्या वेळेला जात होती. "पोहायला जाते," असं ती म्हणायची आणि मी "बरं" म्हणायचो. उथळ भागात कठडा धरून मैत्रिणींशी बोलत उभी राहत असेल, अशी माझी समजूत होती. त्या रविवारी मी पोटातली सगळी हवा पाण्याखाली फुंकून टाकली, अगदी खात्याची शिल्लक शून्यावर आणावी तशी. तिसऱ्या हाताला छाती इतकी रिकामी झाली की बाजू निवडायला वेळच उरला नाही. अंग वळलं आणि तोंड डावीकडे बाहेर आलं.

दिवड नव्हती. शेजारच्या रांगेत ही होती. संथपणे, पाणी न उडवता, माझ्या पुढे निघून चालली होती आणि नेमकं त्याच क्षणी तिचं तोंड उजवीकडे, माझ्याकडे, होतं. लग्नात भटजींनी हिला माझ्या डाव्या बाजूला बसवलं होतं, तेव्हापासून तिकडे इतकं नीट बघण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग. तिचे ओठ काहीतरी बोलल्यासारखे हलले. मी हसायला गेलो आणि पुन्हा दीड पेला प्यायलो.

काठाला लागल्यावर खोकता खोकता मी विचारलं, "मघाशी काय म्हणालीस?"

"कुठे काय?" ती टोपी सारखी करत म्हणाली, "श्वास घेत होते."